फूल हातात, चित्र समोर: जलरंगातले वनस्पती-अभ्यासचित्र कसे पाहावे

बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात जलरंग कुणाला नवा नाही. कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकारांमुळे इथल्या डोळ्यांना ओल्या निसर्गचित्राची सवय लागली आहे. विरत जाणारा डोंगर, दोन फटकाऱ्यांत उभे राहिलेले झाड, कागदभर पसरलेले पाणी असे ते चित्र असते. ही सवय घेऊन फुलाच्या अभ्यासचित्रासमोर उभे राहिले की ते ‘कोरडे’ वाटते, ‘पुस्तकातले’ वाटते, आणि माणूस अर्ध्या मिनिटात पुढे सरकतो.

खरे तर दोन्ही चित्रांचे काम वेगळे आहे. निसर्गचित्रकार त्या वेळच्या उजेडाबद्दल सांगतो. वनस्पती-चित्रकार एका झाडाबद्दल साक्ष देतो आणि ती साक्ष पाण्यासारख्या बेभरवशाच्या माध्यमात देतो. साक्ष तपासायची तर ज्याच्याबद्दल ती आहे ते हाताशी हवे. आपल्याकडे ते असतेच. अंगणात जास्वंद आणि अबोली, रस्त्याकडेला बहावा, खानापूर-जांबोटीच्या वाटेवर पळस, पावसाळ्यात कुंपणावर चढलेली कळलावी. त्यामुळे क्रम सोपा आहे: आधी फूल पाहायचे, मग चित्र.

काय जवळ हवे

सराफ वापरतात तसले १० पट भिंग, १५ सेंमीची पारदर्शक पट्टी, छोटी बॅटरी, पोस्टकार्डाएवढा स्वच्छ पांढरा कागद, पेन्सिल. एका चित्राला निदान २० मिनिटे द्या. प्रदर्शनात ३० चित्रे असतील तर ४ निवडा, बाकीची सोडून द्या. सगळी पाहिली तर एकही पाहिल्यासारखे होत नाही.

फूल सकाळी घ्या. जास्वंदीचे फूल साधारण एक दिवसच टिकते, तोडून ठेवलेला पळस दुपारपर्यंत मलूल होतो. भीमगड अभयारण्यात किंवा कुठल्याही राखीव जंगलात काहीही तोडू नका. तिथे फोटो घ्या, आणि फोटोत पट्टी धरा म्हणजे माप कळेल. कळलावी हाताळल्यावर हात धुवा. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन हे विष असते, कंदात तर फारच.

पहिली पायरी: हे चित्र आहे तरी कोणते

दोन मीटरवरून पाहा. फुलांची चित्रे ढोबळमानाने तीन जातींची असतात. एक शोभाचित्र. फुलदाणी, पार्श्वभूमी, टेबलावर पडलेली सावली. त्याला वनस्पतिशास्त्राची फूटपट्टी लावणे हा अन्याय आहे. दुसरा पूर्ण पट. कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक फांदी, बाजूला फुलाचा उभा छेद, फळ, बी, खाली नाव. तिसरे अभ्यासचित्र. त्यात एक पाकळी पुरी रंगवलेली आणि चार नुसत्या रेषेत, कडेला रंगाचे चौकोनी ठिपके, पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी, कळी तीन कोनांतून.

अभ्यासचित्र अर्धवट दिसते म्हणून कमी दर्जाचे समजू नका. फूल कोमेजण्यापूर्वी काय पकडून ठेवायचे याचा निर्णय त्यात दिसतो. चित्रकाराने काय रंगवले याच्याइतकेच काय सोडले ते पाहा. दहातली एकच पाकळी रंगवली असेल आणि ती नेमकी सर्वांत अवघड, पुढे वळून आखूड दिसणारी असेल, तर या माणसाला आपले काम कळते. सोपी, सपाट पाकळी रंगवून अवघड तेवढी कोरी ठेवली असेल तर तेही समजून घ्या.

रंगाचे ठिपके हा वेगळाच आनंद आहे. अठराव्या शतकात फर्डिनांड बावर हा चित्रकार प्रवासात फक्त रेखाटन करी आणि प्रत्येक छटेला आकडा देई. रंग तो पुढे कधीतरी त्या आकड्यांवरून भरी. आजचा चित्रकार आकड्याऐवजी ठिपका ठेवतो. तो ठिपका आणि पूर्ण पाकळी यांची तुलना करा. ठिपका पाकळीपेक्षा ताजा दिसत असेल तर पाकळीवर थर जास्त चढले आहेत.

दुसरी पायरी: झाड बरोबर आहे का

आता चित्र बाजूला ठेवा आणि हातातले फूल पाच मिनिटे उलटसुलट करून पाहा. मोजा: पाकळ्या किती, पाकळीखालची हिरवी निदले किती, पुंकेसर किती, पाने समोरासमोर की एकाआड एक. आकडे पांढऱ्या कागदावर लिहा आणि मगच चित्राकडे वळा. उलट केले तर डोळा चित्रात पाहिलेलेच फुलात शोधतो.

कळलावीपासून सुरुवात करा, कारण तिच्यात चुकायला भरपूर जागा आहे. सहा परिदले, म्हणजे पाकळ्याच म्हणा, मागे वर वळलेली, कडा लाटेसारख्या. उमलताना खालचा भाग पिवळा आणि टोके लाल, मग दिवसागणिक लाल खाली उतरत जातो. म्हणून एकाच फांदीवर तीन वयांची फुले तीन रंगांची दिसायला हवीत. सगळी सारखीच लाल-पिवळी असतील तर चित्रकाराने एक फूल पाहून बाकीची उतरवली आहेत. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरतात, आणि परागकोश मध्यावर टेकलेला असल्याने डुलतो. आता खरी परीक्षा: मधल्या हिरव्या अंडाशयातून निघणारी कुक्षीवृंताची दांडी बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला जाते. घाईत काढलेल्या चित्रात ती सरळ खाली लोंबते. शेवटी पानाचे टोक पाहा. ते लांबून वळते आणि आधाराला वेटोळे घालते. वेटोळे हवेतच, कशालाही न धरता, अगदी गोल गोल काढले असेल तर ती नक्षी झाली.

जास्वंदीला (कन्नडमध्ये दासवाळ) एकेरी फूल घ्या, दुहेरीत हिशेब लागत नाही. पाच पाकळ्या पंख्यासारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. प्रत्येकीची एक कड वर, दुसरी शेजारणीखाली, आणि हा क्रम पाचही पाकळ्यांत एकाच दिशेने फिरतो. एखादी पाकळी दोन्ही कडांनी वर आलेली दिसली की चूक सापडली. मधल्या दांड्यावर पुंकेसर, टोकाला पाच कुक्षी. फुलाच्या मागे निदलांच्या खाली आणखी एक बारीक हिरवे कडे असते. ते नव्याने शिकणारे हमखास विसरतात, कारण ते समोरून दिसत नाही.

अबोलीकडे (इकडच्या बाजारात कनकांबर म्हणूनही विचारतात) आपण रोज वेणीत पाहतो, म्हणून बारकाईने पाहतच नाही. तिचे फूल गोल नसते. बारीक नळी, आणि तिच्या तोंडाशी पाच पाळ्यांचा पंखा, सगळा एकाच बाजूला. गोल पाचपाकळी अबोली काढणारा चित्रकार आठवणीतून काढतो आहे.

बहाव्याचे (कक्के) पुंकेसर दहा, पण एकसारखे नाहीत: तीन लांब आणि बाकदार, चार मध्यम, तीन अगदी खुजे. दहा सारख्या काड्या दिसल्या की पुढे फार पाहायला नको. तेरड्यात मागे वळलेली पोकळ सोंड शोधा. ती पाकळीची नसून खालच्या निदलाची असते, म्हणून ती त्या निदलातूनच निघायला हवी.

आणि पळस. ‘पळसाला पाने तीनच’ हे आपण दुसऱ्याच अर्थाने म्हणतो, पण चित्रकाराने ते शब्दशः घ्यावे. देठाला तीनच पर्णिका, मधली दोन्ही बाजूंनी सारखी, कडेच्या दोन तिरप्या. फुलोरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांदीवर येतो. केशरी फुलांनी लहडलेल्या फांदीवर भरगच्च जून पाने असतील तर दोन ऋतू एका फांदीवर चिकटवले आहेत. प्रामाणिक चित्रकार पान वेगळे, फांदीपासून सुटे दाखवतो. फुलाला संस्कृतात किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ ती चोच म्हणजे तळाची नावेसारखी पाकळी. तिचे वळण आणि तिच्या मागचे काळपट मखमली निदलपुंज ही दोन जमली तर पळस जमला. (मुत्तुग या कन्नड नावाने लेबल असेल तर गोंधळू नका, झाड तेच. स्थानिक नावे गावागणिक बदलतात, म्हणून चित्राखाली लॅटिन नाव असणे चांगले. पळसाचे ब्यूटिआ मोनोस्पर्मा, कळलावीचे ग्लोरिओसा सुपर्बा.)

तिसरी पायरी: पट्टी

बहुतेक अभ्यासचित्रे मूळ आकाराची असतात. कळलावीचे एक परिदल साधारण ५ ते ८ सेंमी असते. चित्रात ते ११ सेंमी असेल तर बाजूला मोजरेघ किंवा ‘×१.५’ अशी नोंद हवी. पट्टी कागदाला टेकवू नका, काचेवरून किंवा दोन बोटांच्या अंतरावरून माप घ्या.

मापापेक्षा उपयोगी दुसरी कसोटी आहे. पट्टीची कड फुलाच्या देठावर धरा आणि रेघ मनात पुढे वाढवा. ती फुलाच्या मध्यातून गेली पाहिजे. जास्वंदीत देठ आणि मधला दांडा एका ओळीत येतात. देठ डावीकडून येतो आणि दांडा उजव्या पाकळीतून निघतो असे दिसले तर फूल देठावर नंतर चिकटवलेले आहे. पानाच्या मागे गेलेली फांदीही पलीकडे त्याच रेषेत बाहेर यायला हवी. या दोन तपासण्यांत नवख्यांच्या अर्ध्या चुका हाती लागतात आणि त्याला चित्रकलेचे शिक्षण लागत नाही.

चौथी पायरी: पाणी वाचणे

आता २० सेंमीवर या आणि भिंग काढा. इथून पुढे फूल नव्हे, हात पाहायचा.

आधी कागद. बॅटरी कडेने, कागदाला जवळजवळ समांतर धरा. गुळगुळीत दाबलेला, चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद असेल तर पृष्ठभाग शांत दिसतो. खरखरीत कागदावर खड्ड्यांत रंग साचून पाकळी चुरमुरलेली दिसते. निसर्गचित्रात हवीहवीशी वाटणारी ही गोष्ट इथे आड येते, कारण बारीक शिरेची रेघ तुटते. अल्ट्रामरीनसारख्या निळ्या रंगाचे दाणेही असेच बसतात. गोकर्णाच्या पाकळीवर दाणे दिसले तर ते फुलाचे नाहीत, रंगाचे आहेत.

मग पांढरा. पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद. जास्वंदीच्या पानावरची चकाकी पाहा. ती राखून ठेवलेली असेल तर तिच्या कडा हळूहळू विरतात, आणि बहुधा तिच्यात आकाशाची किंचित निळी झाक असते. नंतर पांढरा रंग टेकवलेला असेल तर भिंगातून तो वर बसलेला, खडूसारखा दिसतो. यात नियमभंग नाही. केसाळ देठावरची लव पुष्कळजण अशीच काढतात. पण पानाच्या चकाकीला ती पळवाट ठरते.

थर मोजायचा प्रयत्न करा. चांगल्या पाकळीत पहिला थर ओल्यावर ओला असतो, रंग एकमेकांत मऊ मिसळलेले. तो पूर्ण वाळल्यावर पातळ, पारदर्शक थर येतात, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशाने बारीक रेघा. पाकळीच्या कडेला, जिथे थर एकमेकांपर्यंत नेमके पोहोचत नाहीत, तिथे दोन-तीन पायऱ्या दिसतात. खालचा थर वाळण्याआधी वरचा चढवला की तीन गोष्टी होतात. रंग गढूळ होतो. कागदाचे तंतू उठून कापूस दिसतो. किंवा ओल्या भागात जास्तीचे पाणी शिरून फुलकोबीसारखा दातेरी डाग पडतो. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत थर वाळायला फार वेळ घेतो, त्यामुळे पावसाळी चित्रांत हे डाग जास्त. दिसला तर चित्र बाद करू नका. तो कुठे आहे ते पाहा. पानाच्या सावलीत खपतो, पाकळीच्या मधोमध खपत नाही.

शिरा हा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक भाग. पानाच्या वरच्या बाजूला शिर सहसा फिकट आणि किंचित खोल असते. म्हणजे चित्रकाराने शिरेच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंगवायचा आणि शिर सोडायची. कंटाळा आला की तो गडद हिरव्याने रेघ ओढतो, आणि पान रस्त्यांच्या नकाशासारखे दिसते. शिर मध्याकडून कडेला बारीक होत जाते का, हेही पाहा.

मोगऱ्यासारखे पांढरे फूल पांढऱ्या कागदावर कसे दिसते? मागे गडद पान ठेवून, आणि पाकळ्यांच्या खोलगट भागात अतिशय फिकट राखाडी देऊन. ती राखाडी नळीतल्या काळ्याची असेल तर फूल मळके दिसते. हिरवट, पिवळसर, जांभळट अशी मिसळलेली असेल तर फूल ताजे राहते. पांढरा कागद चित्राशेजारी धरला की राखाडीची छटा लगेच ओळखू येते.

आणि कागदावर पडलेली सावली शोधू नका. उजेड परंपरेने डावीकडून वरून येतो, पण झाडाखाली सावली पाडत नाहीत. झाड कुठल्याही जागी, कुठल्याही वेळी उभे नसते. ते त्या जातीचे प्रतिनिधी असते.

जुन्या चित्रांसाठी वेगळे डोळे

कंपनी काळातली चित्रे पाहताना वरच्या कसोट्या तशाच्या तशा लावू नका. हिंदुस्थानी चित्रकार लघुचित्रांच्या परंपरेतून आले होते. त्यांचा रंग बऱ्याचदा अपारदर्शक, पांढरा मिसळलेला, रेषा घट्ट, पान कागदाला चपटे. रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी काम करणारे रंगय्या आणि गोविंदू यांची नावे टिकली, कारण वाइटने ती नोंदवली. एका ऑर्किडच्या प्रजातीसमूहाला त्याने ‘गोविंदूइया’ असे नावही दिले. बहुतेकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत, ती सांभाळणाऱ्या अलेक्झांडर गिब्सनसाठी १८४७ ते १८५० दरम्यान १७३ चित्रे झाली. ती आज एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत, आणि चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच त्याची ओळख उरली आहे. बेळगाव तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे त्या चित्रांतली बरीच झाडे आपल्या ओळखीची निघतात.

त्याआधीचा, १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला १२ खंडांत छापलेला मलबारच्या झाडांवरचा ग्रंथ ‘होर्टुस मलाबारिकुस’ रंगीत नाही, त्यातली चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आहेत. तरी त्यातले पट पाहा. झाडांची नावे मल्याळम, अरबी आणि रोमन लिपीबरोबर नागरीतही आहेत, आणि ती नागरी नावे कोंकणी आहेत. चोर्ल्याचा घाट उतरणाऱ्याला त्यातली कित्येक वाचता येतील.

जुन्या चित्रात पाने निळी दिसली तर चित्रकाराला दोष देऊ नका. हिरवा बऱ्याचदा प्रशियन निळा आणि गँबोज पिवळा मिसळून केलेला असे. उजेडात पिवळा उडतो, निळा राहतो. पांढऱ्या जागी काळपट डाग म्हणजे शिशाच्या पांढऱ्याची हवेतल्या गंधकाशी झालेली क्रिया. कागदावरचे तांबूस ठिपके दमटपणाचे.

ही चित्रे पडद्यावर पाहणार असाल तर मोबाईलचा रात्रीचा पिवळा उजेड बंद करा, प्रकाश मध्यम ठेवा, आणि कागदाचे माप कुठे दिले आहे ते आधी शोधा. पडद्यावर तीन सेंमीचे फूल आणि तीस सेंमीचे फूल सारखेच दिसते.

विकत घ्यायचे असेल तर

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण रंगाच्या नळीलाही लागू पडते. तेरड्याचा तो झगझगीत गुलाबी कागदावर आणायला अनेकजण ऑपेरा नावाचा गुलाबी वापरतात. त्यातला चमकणारा रंजक उजेडात लवकर उडतो. जुना ॲलिझरिन क्रिमसनही (नळीवरचा रंजक-क्रमांक पीआर ८३) टिकत नाही. क्विनाक्रिडोन मॅजेंटा (पीआर १२२) थोडा कमी झगझगीत, पण पुष्कळ टिकाऊ. चित्रकाराला नळीवरचा क्रमांक सरळ विचारा. काम मन लावून करणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो खुलतो.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी आधीच सांगा. लॅमिनेशन नको. चित्र मागून सेलोटेपने चिकटवायचे नाही. काच चित्राला टेकू द्यायची नाही, मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवा. पाठीला हार्डबोर्ड थेट लावला तर काही वर्षांत कागद पिवळा पडतो.

टांगायची जागा अथणी-रायबागच्या कोरड्या बाजूला आणि खानापूर-कणकुंबीच्या पावसात एक असू शकत नाही. घाटाकडच्या घरात पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा, आतली भिंत निवडा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे अर्धा सेंमीचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. न टांगलेली चित्रे घट्ट झाकणाच्या डब्यात, मध्ये आम्लरहित कागद आणि कडेला सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवा. कसरीला कागदावरची खळ आणि डिंक आवडतो, म्हणून डबा जमिनीवर ठेवू नका. थेट ऊन कुठेच नको. संग्रहालये अशा चित्रांवर साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात, म्हणजे वाचायला थोडा कमी पडेल इतका.

चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहून ठेवा: झाडाचे नाव, फूल कुठले, तारीख, कोणते रंग वापरले. पेन नको, दमट हवेत शाई पुढच्या बाजूला उतरते.